आज रविवार आहे गं

"आई, आज रविवार आहे गं."

दुपारचे दोन वाजले असतील. सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता होऊन चार दिवस झाले होते, पण गल्लीतली पोरं गड्ड्याच्या जत्रेतनं आणलेल्या पिपाण्या अजून फुंकतच होती. जेवून मी पुढच्या खोलीत कॉटवर आडवी झाले होते आणि आई मागच्या पडवीत बसून शेंगा कुटत होती. मंगळवारी आम्ही निघणार, म्हणून चटणी शक्य तितकी शेवटी, म्हणजे ताजी. भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, जिरं, मीठ, आणि लोखंडी खलबत्त्याचा तो आवाज. आधी दाणे उडतात तेव्हा खणखणीत, मग भुगा होतो तेव्हा जरा भरीव, आणि तेल सुटायला लागलं की ओला, चिकट. आंधळ्यालाही कळावं चटणी कुठपर्यंत आलीय ते. जन्मल्यापासून मी हा आवाज ऐकत आलेय. आणि डोळे मिटलेले असताना, अर्धवट झोपेत, माझ्या तोंडून हे वाक्य पडलं. आईचा हात थांबला. "मग?" तिनं विचारलं. खरोखरच न कळून विचारलं, टोमणा नव्हता. रविवार आहे, मग? रविवारचा शेंगांशी काय संबंध? "काही नाही, कुट तू," म्हणाले. तिनं पुन्हा सुरुवात केली. माझी झोप मात्र गेली ती गेलीच.

कारण ते वाक्य माझं नव्हतं. ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचं होतं.

आम्ही जर्मनीत गेलो २०२१ च्या ऑक्टोबरात. नवरा बार्शीचा, त्याला श्टुटगार्टजवळ नोकरी लागली. गावाबाहेरच्या एका जुन्या चार मजली घरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. सामानात मी माझी पुस्तकं काढून ठेवली आणि खलबत्ता नेला, चार किलोचा. विमानतळावर बॅग तपासणाऱ्यानं तो हातात घेऊन वजन अजमावलं होतं आणि माझ्याकडे असं पाहिलं होतं की याने कुणाला मारायचा विचार आहे बाई. त्या पहिल्या हिवाळ्यात एका रविवारी बाहेर चार वाजताच अंधारून आलं, तोंडाला चव नव्हती, म्हणून मी शेंगा भाजल्या आणि कुटायला बसले. संध्याकाळी दाराच्या फटीतून एक कागद आत आला. चौकोनी घडी, निळी शाई, अक्षर आमच्या जोशीबाई फळ्यावर काढायच्या तसं. मोबाईलवर भाषांतर करून वाचलं. आदरणीय शेजारी, आज रविवार आहे. खाली मैत्रीपूर्ण शुभेच्छांसह सही. बस्स. आवाज करू नका असंसुद्धा लिहिलेलं नव्हतं. आज रविवार आहे म्हटल्यावर पुढचं आम्हाला कळायलाच हवं, असा सगळा मामला.

आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग राग आला. दहा मिनिटांची चटणी, आणि एवढं? नवऱ्यानं शोधून सांगितलं की तिथे रविवारच्या शांततेचं कलम थेट राज्यघटनेत आहे, १९१९ च्या वायमार घटनेतलं, पुढे तसंच्या तसं उचलून घेतलेलं. रविवारी दुकानं बंद, भिंतीला ड्रिल मारायचं नाही, गवत कापायचं यंत्र फिरवायचं नाही, एवढंच काय, रिकाम्या काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, खळ्ळ आवाज होतो म्हणून. "घटनेत शेंगाचटणीचा उल्लेख नाही ना पण?" मी म्हटलं. तो हसला, मी नाही हसले. दुसऱ्या दिवशी पाठ केलेलं एक वाक्य घेऊन माफी मागायला खाली गेले. आजींनी दार अर्धं उघडलं, ऐकून घेतलं, मान हलवली, दार लावलं. तेव्हापासून आमच्याकडे चटणी शनिवारी सकाळी अकराला होते. खलबत्त्याखाली सोलापुरी चादर चार पदरी घडी करून ठेवायची. माझ्या लग्नात आलेल्या सहा चादरींपैकी मोराची, निळी. आवाज निम्मा होतो. मिक्सर का नाही, असं पुण्याची एक मैत्रीण विचारते. तिला काय सांगायचं? मिक्सरमध्ये होते ती शेंगांची पूड.

आता गंमत बघा, आवाजाचं मला कुणी शिकवावं? माझं लहानपण पूर्व भागात गेलं. अशोक चौकाच्या मागे, डावीकडे यंत्रमागाचा कारखाना, उजवीकडे यंत्रमागाचा कारखाना, समोर पद्मशाली कुटुंब, त्यांच्या ओसरीत बायका कांड्या भरतायत. आप्पा जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा. धोटा का उडतोय, धागा का तुटतोय, नक्षी विणणाऱ्या जकार्डचा पुठ्ठा कुठे अडकलाय, हे ते नुसतं उभं राहून ऐकून सांगायचे. चोवीस माग एकदम चालू असताना त्यातला एक आजारी आहे हे त्यांना कानानं कळायचं. त्याच कानांनी पुढे त्यांना दगा दिला. आता आप्पा फोनवर बोलत नाहीत, ओरडतात. रविवारी दुपारी आम्ही व्हिडिओ कॉल लावला की आमच्या तिकडच्या शांत घरात त्यांचा आवाज असा घुमतो की मी उठून खिडकी लावते. लहानपणी मात्र रात्रंदिवस मागांचं खटक-खट, खटक-खट. आमच्या भिंतीला हात लावला तर तळव्याला ते कळायचं. त्या आवाजात आम्ही झोपायचो, अभ्यास करायचो, आणि आमची झोप मोडायची ती आवाज थांबला की. रात्री लाईट गेली की सगळे माग एकदम बंद पडायचे आणि घरातली पाचही माणसं टक्क जागी व्हायची. "गेली वाटतं," अंधारात कुणीतरी म्हणायचं.

श्टुटगार्टच्या त्या घरात पहिले कित्येक महिने मला रोज रात्री लाईट गेल्यासारखं वाटायचं.

नवऱ्याचं तसं नाही. त्याला कुठेही झोप लागते, बार्शीच्या एसटी स्टँडवरही लागेल. मी मात्र उठून स्वयंपाकघरात जायचे आणि नळ सोडून बघायचे. हे एक वेगळंच वेड. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड. उजनी शंभर टक्के भरली अशी बातमी पहिल्या पानावर आणि आतल्या पानावर आपल्या भागाला पाणी कधी याचं वेळापत्रक, ही आमची वाचनाची सवय. तिकडे आमच्या नळाला येणारं पाणी बोडन्से नावाच्या तळ्यातून येतं, तेही शंभरएक किलोमीटरवरून, म्हणजे उजनीइतकंच लांबून. आणि ते येतच राहतं. रात्री तीन वाजता, भर दुपारी, आपण गावाला गेलो तरी. मी अजूनही झोपताना एक पातेलं भरून झाकून ठेवते. का, ते विचारू नका. नवऱ्यानंही विचारणं सोडलंय.

त्या घराचा आणखी एक नियम होता, जो कळला तेव्हा मी पोट धरून हसले. एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकवलेली दिसली. श्टुटगार्टकडच्या श्वाबियन लोकांची ही खास पद्धत. पाटी ज्याच्या दारावर, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा, आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर अडकवायची. तिचं नाव केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा. आणि केर म्हणजे, हो, केरच. तिकडे ते झाडण्याचं क्रियापद आहे, पण मला कोण आनंद झाला. सात समुद्रापलीकडे कुणीतरी केर म्हणतंय! मी आईला फोन केला. आई म्हणाली, "म्हंजे तिथं जाऊन बी तू केरच काढलालीस की." पहिल्या वेळी मी जिना असा पुसला की सदा ओशट दिसणारा तो दगड चमकायला लागला. शेवटी आमच्या दारासमोर हाताइतकी लहान रांगोळी काढली, चार ठिपक्यांची. संध्याकाळी पाहिलं तर ती जागची जागी होती. कुणी पाय दिला नव्हता, कुणी चिठ्ठी टाकली नव्हती. खालच्या आजी तिला वळसा घालून वरच्या माळ्यावर कपडे वाळत घालायला गेलेल्या मी दाराच्या भिंगातून बघितल्या. काय वाटलं असेल त्यांना? कुणीतरी पीठ सांडलंय आणि आवरलं नाही, असंही वाटलं असेल.

कामाचं सांगते. इथे मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते, सोलापूर विद्यापीठाची एमएस्सी. तिकडे सहाशे तासांचा भाषेचा वर्ग केला, वर शंभर तास त्यांचा इतिहास आणि कायदे, परीक्षा पास झाले, आणि बेकरीत लागले. घरी हे सांगायला दोन महिने लावले. "बेकरीत म्हंजे हिशोबाला का?" असं आप्पांनी ओरडून विचारलं होतं आणि मी "हो, तसंच" म्हणाले होते. तसं नव्हतं. पहाटे साडेपाचला जाऊन मी काउंटर लावते, पाव रचते, नऊपर्यंत रांग असते. पण तिथला बेकर अजून ब्रेत्सेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा पाव, स्वतः वळतो. दोन हातांत कणकेचा लांब दोरा धरून हवेत एक गिरकी दिली की गाठ तयार. बारीक हात, जाड पोट, पोटावर ब्लेडनं एक चीर. आणि भट्टीत जायच्या आधी तो तिला एका द्रावणात बुडवतो. पहिल्या दिवशी मी विचारलं, हे काय? "लाउगे," तो म्हणाला. कॅनवरचं लेबल वाचलं आणि मी उभ्या जागी हसले. सोडियम हायड्रॉक्साइड, चारेक टक्के. बारा वर्षं मी ब्युरेटमध्ये भरून ज्याच्या एका थेंबानं फ्लास्क गुलाबी झाला म्हणून पोरांना मार्क दिले, तेच. त्यामुळेच तर ब्रेत्सेलला तो तांबूस, तकतकीत रंग येतो. मी बेकरला हातमोजे आणि डोळ्यांच्या चष्म्यावर दहा मिनिटं मोडक्या जर्मनमध्ये लेक्चर दिलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, तू शिक्षिका होतीस का? होतीस, असं म्हणाला तो. भूतकाळात.

भाषेच्या वर्गात पावाला ब्रोटशेन शिकवलं होतं. काउंटरवर पहिल्याच माणसानं मागितलं "त्स्वोय वेकले". मला एक अक्षर कळेना. मागून कुणीतरी सांगितलं, दोन पाव दे. श्वाबियन बोली म्हणजे सगळ्याच्या शेवटी 'ले', बारकं करायचं, लाडात घ्यायचं, आणि मधली अक्षरं गिळायची. सहाशे तास गेले पाण्यात. पण का कोण जाणे, त्या दिवशी मला पहिल्यांदा तिथे घरच्यासारखं वाटलं. पुण्यात बीएडला होते तेव्हा "काय करलालास बे" असं तोंडातून गेलं की अख्खा वर्ग हसायचा. 'बे' ऐकून एका मुलीनं मला खरोखर विचारलं होतं की तुम्ही शिव्या देता का एकमेकांना? हॅनोव्हरकडचे लोक या श्वाबियनांना असेच हसतात म्हणे. मी आता "येलालो"च्या चालीवर वेकले म्हणते आणि म्हातारी गिऱ्हाईकं खूश होतात.

नवऱ्याचं काम गाडीच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचं. पहिल्या आठवड्यात दुपारी बारा वाजता कॉरिडॉरमध्ये भेटणारा प्रत्येक जण त्याला "माल्त्साइट" म्हणायचा आणि हा प्रत्येकाला थांबून स्वतःचं नाव सांगायचा. जेवणाच्या वेळेचा तो रामराम आहे हे त्याला चौथ्या दिवशी कळलं. आप्पांना त्याचं काम समजावताना त्याची दमछाक झाली होती. तो म्हणाला, सूचना लिहिलेल्या असतात, यंत्र त्या बघून चालतं. आप्पा म्हणाले, "म्हंजे जकार्डच की! पुठ्ठ्याला भोक हाय तिथं धागा उचलायचा, न्हाई तिथं सोडायचा." नवरा गप्प झाला, मग म्हणाला, हो, अगदी तेच. सासऱ्यापुढे त्याला इतकं निरुत्तर झालेलं मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

या खेपेला भैय्या चौकावरून रिक्षानं जाताना डॉक्टर कोटणिसांचं स्मारक लागलं. शाळेत असताना आम्हाला निबंधाला दरवर्षी तेच. जन्म सोलापूर, १९१०. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला. युद्धात जखमींची सेवा. १९४२ मध्ये तिकडेच मृत्यू, वय ३२. दहा मार्कांचा निबंध, नऊ पक्के. त्यात एक ओळ असायची, १९४१ मध्ये त्यांनी ग्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. त्या ओळीवर मी कधी थांबले नव्हते. आता रिक्षात बसून तीच ओळ डोक्यात फिरत राहिली. जेमतेम वर्षभराचा संसार. तो आमच्या सोलापूरचा, तिकडची भाषा शिकलेला. भांडण झालं की तो कुठल्या भाषेत भांडायचा? कडक भाकरीची आठवण त्यानं तिला कशी सांगितली असेल? मुलाचं नाव त्यांनी यिनहुआ ठेवलं, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन, आणि तो काही महिन्यांचा असतानाच बाप गेला. आमच्यासारख्या पगारासाठी गेलेल्या माणसांनी त्यांच्याशी स्वतःला जोडू नये, एवढी अक्कल मला आहे. तरी ते नाव ठेवताना दोघं काय बोलले असतील, याचा विचार मी सात रस्ता येईपर्यंत करत होते. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "मॅडम, इथंच ना?"

भांडणाचं निघालं म्हणून. आमच्या सोलापूरच्या घरात नवरा-बायकोला भांडायला जागाच नव्हती. आई-आप्पांचं भांडण म्हणजे भांड्यांचा आवाज, आणि मागांच्या खडखडाटात तेही नीट ऐकू यायचं नाही. तिकडे आम्हाला दोन खोल्या, दोघंच, आणि तरी भांडता येत नाही, कारण सगळं ऐकू जातं. आम्ही कुजबुजत भांडतो. कुजबुजत भांडणं किती कठीण आहे, करून बघा. मागच्या नोव्हेंबरात सासूबाई पाय घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. तो जाऊन आला, पण आल्यावर आठ दिवस बोलेना. मग एका रविवारी संध्याकाळी म्हणाला, परत जाऊया का. मी म्हटलं, परत जाऊन मी काय करू, माझी जागा भरली केव्हाच. तो म्हणाला, तू इथे पावच विकतेस ना. आवाज चढायला लागला तसं आम्ही दोघंही एकदम थांबलो, जॅकेटं घातली, चपला-बूट चढवले, खाली जाऊन गाडीत बसलो, काचा वर केल्या आणि मग भांडलो. चांगलं पाऊण तास, खास सोलापूर-बार्शी आवाजात. काचांवर वाफ धरली. शेवटी मी रडत होते आणि तो बोटानं काचेवर उगाच ठिपके काढत होता, रांगोळीला काढतात तसे. वर येताना जिन्यात खालच्या आजी भेटल्या. "शुभ संध्याकाळ," त्या म्हणाल्या. अहो-जाहोतच, पाच वर्षांत त्यांनी आम्हाला अरे-तुरे केलेलं नाही आणि आम्हीही त्यांना नाही. त्या दर रविवारी सकाळी माझ्या काउंटरवर येतात. होय, रविवारी. सगळं बंद असतं, बेकऱ्या तेवढ्या सकाळी काही तास उघड्या. त्यांच्या शांत रविवारच्या न्याहारीसाठी मी पहाटे साडेचारला उठते, पावलं न वाजवता जिना उतरते. दोन वेकले, एक ब्रेत्सेल. सुटे पैसे मोजून ठेवतात, पिशवी स्वतःची आणतात. परवा त्यांनी ब्रेत्सेल परत माझ्यापुढे ढकलला, हा फिका आहे, थोडा गडद द्या, म्हणाल्या. मी गडद दिला. एवढंच आमचं नातं.

परत जायचं की नाही ते ठरलेलं नाही. त्या रात्रीनंतर तो विषय कुणी काढलेला नाही.

रविवारी दुपारी कॉटवर पडून मी हे सगळं आठवत होते आणि मागे खलबत्ता चाललाच होता, तेल सुटायच्या बेताला आला होता. एक गोष्ट मात्र तेव्हा प्रथमच कानाला जाणवली. शेंगा कुटण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. डावीकडच्या कारखान्याला कुलूप होतं, उजवीकडे आता गोडाऊन आहे. पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जायला लागला, तेव्हापासून आमच्या गल्लीतले माग एकेक करून थांबले. आप्पांना त्याचा पत्ता नाही. त्यांच्या कानात माग चालूच आहेत असं ते म्हणतात, रात्रंदिवस. मी आईला रात्री ती चिठ्ठीची गोष्ट सांगितली, खालच्या आजींची. चादरीच्या घडीचीही. पाच वर्षं सांगितली नव्हती. आई ऐकत होती, भाकरी थापत होती. "म्हातारी एकटी ऱ्हाती का?" एवढंच तिनं विचारलं.

सोमवारी पहाटे नळ आला. चारला मोटारीच्या आवाजानं मी जागी झाले, हंडे भरायला उठले, पुन्हा आडवी झाले आणि गाढ झोपले. उठले तेव्हा ऊन आत आलं होतं. मागच्या पडवीतून एक आवाज येत होता, बसका, दबलेला, जणू कुणी गादीवर बुक्के मारतंय. उठून गेले. आई चटणीचा दुसरा घाणा कुटत होती. खलबत्त्याखाली एक जुनी चादर चार पदरी घातलेली, कडेचा मोर अर्धा बाहेर, त्याच्या मानेवर तेलाचा डाग.

माझ्या घशाशी काहीतरी आलं. "आई, काढ ती," मी म्हटलं. "माझ्यासाठी कशाला?"

"तुझ्यासाठी कोण करलालंय," आई म्हणाली, हात न थांबवता. "फरशी नवी हाय. फुटंल."